जुन्या लुगड्यांचे दुकान

मी जुनी लुगडी विकते, असे कोणाला प्रथमच सांगितले म्हणजे ऐकणाराच्या मुद्रेवर जो भाव उमटतो, तो पाहण्याची मला आता सवय झाली आहे. आधी त्याला वाटते की आपल्या ऐकण्यात काही चूक झाली, मग वाटते की बाईंच्या घरी पैशाची अडचण असावी, आणि शेवटी, या बाई शाळेतून निवृत्त होऊन पेन्शन घेत आहेत हे आठवून तो मोठ्या सहानुभूतीने म्हणतो, "वेळ जायला काहीतरी हवंच, नाही का?" मूर्तिजापुरासारख्या गावात बायकांनी करावयाचे उद्योग ठरून गेलेले आहेत. पापड-कुरड्या कराव्यात, ब्लाउज शिवावेत, शिकवण्या घ्याव्यात. यांत जुन्या कापडांची भर घालणे म्हणजे बोहारणीच्या पंक्तीला जाऊन बसणे होय. आमच्या शेजारच्या आजी तर पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "काहून व बाई, मेलेल्या बायायचे लुगडे कोणी पैसे देऊन इकत घेते काय?"

घेतात. पुण्याच्या घेतात, बंगळूरच्या घेतात, क्वचित परदेशी गेलेल्या आपल्या मुलीही घेतात. त्यांतील एकीलाही मी पाहिलेले नाही आणि त्यांनी मला पाहिलेले नाही. माझे दुकान म्हणजे मागच्या खोलीतील दोन लोखंडी कपाटे, एक दोरी, पूर्वेकडील खिडकीतून सकाळी नऊपर्यंत येणारा कोवळा उजेड आणि सुनेने घेऊन दिलेला फोन. त्या उजेडात लुगड्याचा फोटो काढावयाचा, तो इन्स्टाग्रामवर लावावयाचा, खाली लांबी, रुंदी, दोष आणि किंमत लिहावयाची. एखादीला ते आवडले म्हणजे तिचा निरोप येतो, पैसेही फोनवरूनच येतात आणि दुसऱ्या दिवशी मी पुडके घेऊन पोस्टात जाते. या व्यापारात एक मोठी विचित्र गोष्ट आहे. कापड ही हाताने पाहण्याची वस्तू. आमची आई दुकानात गेली की लुगड्याचा पदर आधी बोटांत धरून चुरगाळून पाही, मग डोळ्यांनी पाही. माझ्या गिऱ्हाइकाला ही सोय नाही. तिच्या वतीने मी चुरगाळून पाहते आणि मला जे लागले ते लिहून कळवते. म्हणजे ती विकत घेते ते वास्तविक माझे लिहिणे. लुगडे तिला आठवड्याने मिळते.

धंद्याचा आरंभ आईच्या मृत्यूनंतर झाला. तिची चौदा लुगडी होती. भावजया पाचवारीतल्या, मी पाचवारीतली, आणि नाती तर साडी नेसण्यास मुहूर्त शोधणाऱ्या. नऊ वारांचे करावयाचे काय? एक गोधडी झाली, दोन लुगडी घरकाम करणाऱ्या मावशींना दिली, आणि उरलेल्यांसाठी बोहारणीला हाक मारली. तिने सारी उलटीसुलटी करून पाहिली आणि एक स्टीलचा डबा, झाकणासकट, पुढे केला. डबा चांगला होता. परंतु तो हातात घेतल्याबरोबर मला माझ्या आजीची आठवण झाली, आणि मी तो परत केला.

ती गोष्ट १९७२ च्या दुष्काळातली आहे. त्या वर्षी आमच्या शेतात काही पिकले नव्हते. "जुनी जर, फाटके शालू" असे ओरडत जाणाऱ्या माणसाला आजीने ओसरीवर बोलावले आणि आपल्या लग्नातील पैठणी त्याच्यापुढे ठेवली. मी त्या वेळी नऊ वर्षांची होते. त्या माणसाने कात्री काढून दोन्ही काठ आणि पदर कापून घेतले, ते तराजूत घातले, पैसे मोजले, आणि मधले रेशीम आजीकडे परत टाकले. त्याला रेशमाशी कर्तव्य नव्हते. खऱ्या जरीत चांदीची चपटी तार रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली असते व तिच्यावर सोन्याचा मुलामा असतो. ती जाळली म्हणजे रेशीम जाते आणि चांदी उरते. महाराष्ट्रातील किती पैठण्या आणि किती शालू अशा रीतीने मुशीत गेले असतील, याची गणती कोणी केली असेल असे वाटत नाही. आजीने ते काठ नसलेले जांभळे रेशीम घडी घालून ठेवले. पुढे आमच्या बाहुल्यांची लग्ने त्यात झाली. आजी त्याविषयी कधी काही बोलली नाही, आणि आम्हीही आनंदाने ते रेशीम फाडले.

आईची लुगडी विकली गेली तेव्हा मला 'व्हिंटेज' हा शब्द कळला. सुनेने तो मला सांगितला. हा शब्द मूळचा द्राक्षांच्या हंगामाचा आणि मद्याचा; आमच्या काळ्या कपाशीच्या मातीत त्याला रुजावयास काही कारण नव्हते. परंतु त्याचा गुण असा की, 'जुने लुगडे' म्हटले असता ज्याचे शंभर रुपये येत नाहीत, त्याच लुगड्याचे 'व्हिंटेज' म्हटल्याबरोबर बाराशे येतात. व्यापारातला साधारण संकेत असा आहे की, वीस वर्षांहून जुने ते व्हिंटेज आणि शंभराहून जुने ते अँटिक. या हिशेबाने माझी स्वतःची बरीचशी कपाटे, भांडी आणि मतेही व्हिंटेज ठरतात. परंतु त्यांना अजून गिऱ्हाईक आलेले नाही.

कापडाचे वय ओळखण्याची विद्या मला कोणी शिकविली नाही. ती चुकतमाकत आली. गिरणीच्या लुगड्याच्या टोकाशी शाईचा शिक्का असे. त्यावर लांबी वारांत दिलेली असेल तर ते कापड मीटर येण्यापूर्वीचे. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, आणि पुढे थोड्याच वर्षांत वार दुकानांतून गेला, बायकांच्या तोंडी मात्र अजून आहे. किंमत रुपये-आणे-पैत असेल तर ते १ एप्रिल १९५७ पूर्वीचे, कारण त्या दिवशी नवे पैसे सुरू झाले. महायुद्धातल्या टंचाईत, १९४३ साली, सरकारने कापडावर नियंत्रण आणले आणि गिरण्यांना मालावर किंमत छापणे भाग पडले. तसा एक तुकडा माझ्याजवळ आहे, तो मी विकणार नाही. हातमागाच्या लुगड्याला शिक्का नसतो. तेथे काठाशेजारी एका ओळीत बारीक भोके दिसतात. विणताना कापड ताणून धरण्याच्या काडीला ज्या टाचण्या असतात त्यांची ती. इरकली असेल तर पदर जेथे अंगाला जोडला आहे ती जागा उलटून पाहावी: इलकलचे विणकर पदराचे रेशमी ताणे अंगाच्या ताण्यांत फासे अडकवून जोडतात, आणि ती जोडाची रेघ दुसरीकडे दिसत नाही. खरी जर काळवंडते, प्लॅस्टिकची काळवंडत नाही. नव्या गिऱ्हाइकांना नेमके उलटे वाटते, आणि चकाकणारे तेच खरे असे धरून त्या माझ्याशी वाद घालतात.

शिक्क्यांविषयी एक गोष्ट माझ्या फार उशिरा ध्यानात आली. शाईचा शिक्का पहिल्या दोन-चार धुण्यांत जातो. तेव्हा ज्या लुगड्यावर तो स्वच्छ दिसतो, ते लुगडे कोणी नेसलेच नाही. कोणीतरी ते आणले, कोणीतरी ते ठेवून दिले, आणि ती वेळ आलीच नाही. अशा लुगड्याला सर्वांत अधिक किंमत येते.

आता माझी एक लबाडी सांगावयास हवी. पहिल्या वर्षी माझ्या असे लक्षात आले की, लांबी-रुंदी लिहिल्याने लुगडे विकत नाही. त्याला एखादी गोष्ट जोडली म्हणजे विकते. अकोल्याच्या एका दुकानातून बंद पडलेल्या मालाच्या ढिगात मला काही नागपुरी काठाची लुगडी मिळाली होती. त्यांतल्या एकाखाली मी लिहिले, 'आजीच्या मंगळागौरीचे.' ते तासाभरात गेले. दुसऱ्याखाली 'पहिल्या दिवाळसणाचे' असे लिहिले, तेही गेले. तिसरे जिने घेतले तिने मला आठ दिवसांनी लिहिले, "तुमच्या आजींचा एखादा फोटो असेल तर पाठवाल का? मी लुगडे नेसून काढलेल्या फोटोशेजारी ठेवणार आहे." त्या मुलीच्या निरोपाला उत्तर देणे मला जमले नाही. दोन दिवस मी स्वयंपाकघरात भांडी वाजवीत हिंडले, आणि मग तिचे पैसे परत पाठवून खरे काय ते लिहिले. तिने पैसे ठेवून घेतले आणि लुगडेही ठेवून घेतले. मी त्याविरुद्ध काही बोलण्याच्या स्थितीत नव्हते. त्या दिवसापासून माझ्या वहीत 'कोणाचे' असा एक स्तंभ आहे, आणि बहुतेक ओळींत त्या स्तंभात 'माहीत नाही' एवढेच असते.

गिऱ्हाइके लुगडी कापतात, हे माझे दुसरे दुखणे. नऊ वारांतून म्हणे एक घोळदार झगा, एक जाकीट आणि उरल्यास एक पिशवी निघते. आरंभी हे ऐकून मला आजीच्या ओसरीवरची कात्री दिसे, आणि मी एकदोघींना 'कापणार असाल तर देणार नाही' असे कळविलेही. परंतु हा बाणेदारपणा फार टिकला नाही, कारण मी विचार करू लागले तेव्हा मला असे आढळले की, आपल्या बायकांनी लुगडे न कापता कधी ठेवलेच नाही. मध्ये विरले की फाटका भाग काढून दोन्ही चांगली टोके जोडावयाची, याला दंड घालणे म्हणत. दंडाचे विरले की त्याचा परकर, परकराचे दुपटे, दुपट्याची वाकळ, वाकळीचे पायपुसणे. कापडाला आपल्या घरात मरण नव्हते, फक्त बढती-उतरती होती. आणि हे आमच्या गावाला कोणी सांगावयास नको. गाडगे महाराजांचे बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी गेले. जातीने ते परीट. परिटाला गावाची कापडे आतून ठाऊक असतात. कोणाच्या घरात काय फाटले, काय लपविले, हे त्याला धुण्यातून कळते. पुढे त्यांनी स्वतः अंगावर घेतल्या त्या लोकांनी टाकलेल्या चिंध्या. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणू लागले. त्यांनी या गावात १९२५ साली गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालय उभे केले, ते त्याच चिंध्या पांघरून. 'ठिगळांची फॅशन' म्हणून माझ्याकडे कोणी विचारणा केली की मला हटकून त्यांची आठवण येते, आणि मी उत्तराला थोडा उशीर करते.

कापण्याकापण्यात अर्थात फरक आहे. १८६६ साली फोर्ब्स वॉटसन नावाच्या साहेबाने लंडनमध्ये हिंदुस्थानच्या कापडांचा एक संग्रह तयार केला. अठरा खंड, त्यांत कापडाचे सातशे नमुने, आणि अशा वीस प्रती. त्यासाठी आपल्याकडची लुगडी, धोतरे, पागोटी कापून त्यांचे तुकडे पानांवर चिकटविले. हेतू असा की, विलायतेतल्या गिरणीवाल्यांनी हिंदुस्थानची माणसे काय नेसतात हे पाहावे आणि तसे विणून इकडे पाठवावे. वऱ्हाडचा कापूस त्यांनी घेतलाच होता, आता नमुनाही घेतला. आमच्या गावाहून अचलपूर आणि यवतमाळ या दोन्ही दिशांना जाणारी ती छोटी शकुंतला गाडी पुढे विसाव्या शतकात आली ती याच कापसासाठी, आणि तिला ओढणारे १९२१ सालचे वाफेचे इंजिनही मँचेस्टरचेच. ते १९९४ च्या एप्रिलपर्यंत चालले, म्हणजे ते विणणाऱ्या गिरण्या थंड झाल्या तरी कापूस ओढणारे चालूच होते. आता गाडीही बंद आहे. रुळांत बाभळी वाढल्या आहेत.

गेल्या फाल्गुनात मी अचलपूरला गेले ती त्यामुळे भाड्याची गाडी करून. एक जुना वाडा पाडावयाचा होता. मालक पुण्याला असतात. चाळिशीचे नवराबायको चार दिवसांची रजा काढून आले होते आणि वाड्यातल्या वस्तूंची विल्हेवाट लावीत होते. माजघरात एक लाकडी पेटी होती. "काकू, उघडून बघत बसायला आम्हाला खरंच वेळ नाही," ते गृहस्थ म्हणाले, "सगळी मिळून काय द्याल?" मी सहा हजार दिले आणि पेटी घेऊन आले.

वरच्या थरात साठ-सत्तर सालांतल्या मोठ्या मोठ्या फुलांच्या नायलॉनच्या साड्या. शहरातल्या मुलींना याच सर्वांत अधिक हव्या असतात, कशा सहन करतात कोण जाणे. वऱ्हाडच्या वैशाखात ती साडी नेसून चूल पेटविलेल्या बाईला विचारावे. त्याखाली पाच नऊवारी, दोन चांगल्या इरकली, झंपर, एक भरतकामाचा रुमाल. तळाशी पंच्यात बांधलेले एक गाठोडे होते. गाठ इतकी जुनी की ती सोडविताना पंचाच फाटला. आत तीन प्रकारची वस्त्रे होती. खणाचे पोलके आणि परकर, नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या अंगाचे. एक हिरवा शालू, ज्याच्या घड्या पहिल्याच असाव्यात, कारण रेशीम नेमके घडीवर चिरले होते आणि इतरत्र नवे होते. आणि दोन आलवणे. एक विरलेले, मध्ये दंड घातलेले, दुसरे बरे.

आलवण म्हणजे काय, हे माझ्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना सांगावयास नको, आणि तरुणांना बहुधा ठाऊक नसेल. ब्राह्मणी घरांतून नवरा मेलेल्या बाईचे केशवपन करीत आणि तिला हे बिनकाठी, बिनपदरी लाल लुगडे नेसवीत. चोळी नाही, दागिना नाही, काठ नाही. डोक्यावरून पदर घेतलेला तो तांबडा आकार मी लहानपणी एकदाच पाहिला आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी तिच्या पणजी होत्या. त्या फार चांगल्या गोष्टी सांगत. मला त्यांच्या गोष्टींतील एकही आठवत नाही. एवढे आठवते की, घरातून कोणी गावाला निघाले म्हणजे त्यांना कोणी सांगण्यापूर्वीच त्या उठून दाराआड होत. आपले दर्शन निघणाऱ्याला होऊ नये म्हणून. गाडी गेली की त्या बाहेर येत आणि गोष्ट जेथे सोडली होती तेथून पुढे सांगू लागत.

मी शालूचा फोटो काढला, चिरा दाखविल्या, 'नेसण्याजोगा नाही, जपण्याजोगा आहे' असे लिहिले. फोटोत शालूच्या खाली ते बरे असलेले आलवण अंथरले होते, केवळ हिरव्याला लालाची पार्श्वभूमी उठून दिसते म्हणून. हा माझा निष्काळजीपणा. संध्याकाळी बंगळूरहून एका मुलीचा निरोप आला: "काकू, शालू छान आहे, पण त्याच्याखाली जे प्लेन गडद लाल दिसतंय ते विकायला आहे का? मला तेच हवं आहे. काय रंग आहे! आणि त्यावर काहीच नाही, हेच किती सुंदर आहे." बहिणीच्या लग्नात ती ते नेसणार होती. किंमत तिनेच सांगितली, पाच हजार.

ती रात्र मी फोन उलटा करून ठेवला. सून शहाणी आहे आणि तिचे म्हणणे मला कधी सहजी उडवून लावता येत नाही. ती म्हणाली, "आई, तुम्ही सांगितलंत तर ती घेणार नाही. नाही सांगितलंत तर ती आनंदानं नेसेल. तिच्या आनंदानं कोणाचं काय बिघडतं? उलट, ज्या कापडाला मांडवात यायची बंदी होती ते मांडवात मिरवेल. मला तर यात चांगलंच दिसतं." खरे सांगते, मलाही ते चांगले दिसले. मी अंथरुणावर पडून ते लाल वस्त्र दिव्यांच्या उजेडात, हसणाऱ्या मुलीच्या अंगावर पाहून घेतले. ज्या बाईने ते नेसले तिला हे दिसले असते तर ती रागावली नसती, असेही मनाशी म्हणाले. परंतु ते तिने म्हणावयाचे होते, मी नव्हे. आणि त्या मुलीने काय नेसले आहे हे तिला ठाऊक नसताना तो मांडवातला सन्मान होणार कोणाचा? लग्नात कोणी वृद्ध आजी ते ओळखती, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्या मुलीला नवल वाटते. मंगळागौरीची गोष्ट मी नसलेली जोडली होती. येथे असलेली गोष्ट काढून टाकावयाची होती. दोन्हींची किंमत चांगली येत होती.

सकाळी मी तिला लांबलचक निरोप लिहिला. आलवण काय असते ते लिहिले. गाठोड्यात त्याच्याबरोबर काय होते ते लिहिले, आणि या तिन्ही वस्तू एकाच बाईच्या असाव्यात हा माझा तर्क आहे, पुरावा नाही, हेही लिहिले. तिला अधिक वाचावयाचे असल्यास आमच्याच वऱ्हाडातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' या पुस्तकात विधवांची बाजू किती रोखठोक मांडली आहे, ते पाहावे असेही सुचविले. मास्तरणीची खोड जात नाही. शेवटी लिहिले, 'हे वाचूनही हवे असेल तर मी पाठवीन, आणि पैसे घेणार नाही.'

उत्तर आले नाही. मध्यंतरी मी पुण्याच्या त्या गृहस्थांना फोन केला. त्यांच्या घरातली वस्तू आहे, त्यांना परत हवी असेल, असे मला वाटले. ते नम्रपणे म्हणाले, "आमच्या घरात असं कोणी नव्हतं, काकू. आमचे पणजोबा सुधारक होते. भाडेकऱ्यांचं असेल." वंशावळ त्यांच्याजवळ होती, त्यांनी ती वाचूनही दाखविली. सात पिढ्यांचे पुरुष होते, एकही बाई नव्हती. मी बरे म्हणून फोन ठेवला.

चार दिवसांनी त्यांच्या पत्नीचा फोन आला. आवाज थोडा दबका होता. तिने आपल्या सासूबाईंना विचारले होते. सासूबाई नव्वदीच्या जवळ आहेत, दुपारी त्यांना बरे आठवते. त्या म्हणाल्या की, मागल्या खोलीत आत्याबाई असत, पणजोबांच्या बहीण. घरातले सोवळ्याचे सारे त्याच करीत. सासूबाईंची सारी बाळंतपणे त्यांनीच केली. दहाव्या वर्षी परत आल्या त्या कायमच्या. "नाव काय होतं?" मी विचारले. पलीकडे क्षणभर काही बोलणे झाले नाही. मग ती म्हणाली, "मी विचारलं. सासूबाई खूप वेळ आठवत होत्या. त्या म्हणाल्या, आम्ही आत्याबाईच म्हणायचो." माहेरचे नाव एक आणि सासरचे एक, अशी दोन नावे त्यांना मिळाली असतील, घरात तिसरेच राहिले. मी आलवण परत पाठवू का, असे विचारले. "नको," ती म्हणाली, "आमच्या फ्लॅटमध्ये…" आणि तेथे थांबली. मग म्हणाली, "ते लहान पोलकं पाठवाल का? माझ्या मुलीला ते येईल असं नाही, पण पाठवा." पोलके आणि परकर मी त्याच दिवशी पाठविले. पोस्टातल्या मुलाने नेहमीप्रमाणे विचारले, "आत काय आहे, मॅडम?" आणि मी नेहमीप्रमाणे सांगितले, "वापरलेले कपडे."

बंगळूरच्या मुलीचे उत्तर बाराव्या दिवशी आले. तिने लिहिले होते की, तिने आपल्या आईला विचारले, आईने आजीला विचारले, आणि त्यांच्याही घरात असे कोणी नव्हते. पुढे एक ओळ सोडून लिहिले होते, "काकू, सगळ्यांच्याच घरात कोणी नव्हतं, मग ही लुगडी विणली कोणासाठी?" लग्नात तिने दुसरे काही नेसावयाचे ठरविले आहे. माझ्याकडची फुलांची नायलॉन तिने बहिणीच्या संगीतासाठी घेतली, सातशे रुपयांना, घासाघीस न करता. आलवणाविषयी म्हणाली की, सध्या ठेवा, ती कधी नागपूरकडे आली तर वाट वाकडी करून पाहून जाईल. येईल किंवा येणार नाही.

वैशाखात मी सारी कपाटे रिकामी करून लुगड्यांना सावलीत वारा देते आणि घड्या बदलते. यंदा दोन्ही आलवणांच्याही बदलल्या. दंड घातलेल्याचे टाके फार बारीक आणि एकसारखे आहेत. असे टाके आता कोणी घालीत नाही. वहीत त्यांना २११ आणि २१२ हे क्रमांक दिले आहेत. लांबी, रुंदी, दोष हे स्तंभ भरले. 'कोणाचे' या स्तंभात 'आत्याबाईंचे, अचलपूर' असे लिहिले, आणि किमतीचा स्तंभ अजून कोरा आहे. २१३ ही त्याच पेटीतली इरकली. ती परवा बेळगावला गेली.